पास्ता नीटनेटका कसा खावा : काटा, ताटली आणि सॉस

सांजवेळ

मेन्यूकार्डावर स्पॅगेटी दिसते, खावीशीही वाटते, पण समोर ऑफिसमधली माणसे बसलेली आहेत आणि अंगात पांढरा शर्ट आहे, एवढ्या विचाराने शेवटी पेने, म्हणजे आखूड नळ्यांचा पास्ता, मागवणारे पुष्कळ मुंबईकर माझ्या पाहण्यात आहेत. कॉलेजच्या कॅन्टीनपासून लग्नाच्या हॉलमधल्या लाइव्ह काउंटरपर्यंत पास्ता सगळीकडे पोहोचला. तो खायचा कसा, हे मात्र कोणी कोणाला नीट दाखवले नाही. वरणभात कालवायला आईने शिकवले, तसे हे शिकवणारे घरात कोणी नव्हते. म्हणून हा धागा काढत आहे. शिष्टाचाराचा बडेजाव हा इथला विषय नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पास्ता अंगावर सांडण्याचे कारण बहुतेक वेळा घासाच्या आकारात असते आणि उरलेले कारण स्वयंपाकघरात असते; या दोन्ही गोष्टी सांभाळल्या की कोणाच्याही हाताला हे सहज जमते.

आधी लांब पास्त्याचे पाहू. बाजारात मिळणारी कोरडी स्पॅगेटी साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. काट्याभोवती होणारी लडी दोन सेंटीमीटर जाडीची धरली, तर एका वेढ्यात सहा सेंटीमीटरच्या आसपास शेवई गुंडाळली जाते, म्हणजे चार-पाच वेढ्यांत ती पुरी संपायला हवी. प्रत्यक्षात आपण काटा ढिगाच्या मधोमध खुपसतो, एका वेळी दहा-पंधरा शेवया पकडतो, त्या आणखी दहांना ओढून आणतात, आणि मग कितीही फिरवले तरी लडी मोठीच होत जाते. ती तोंडात मावत नाही, अर्धी खाली लोंबते आणि तिथून ओघळ सुरू होतो.

यावर उपाय असा : ढिगाच्या कडेच्या तीन-चार शेवया काट्याने अलगद बाजूला ओढून घ्याव्यात आणि ताटलीच्या उताराजवळ तळहाताएवढी मोकळी जागा करावी. त्या जागेत काट्याची टोके ताटलीला टेकवावीत, काटा जवळजवळ उभा धरावा आणि बोटांच्या चिमटीत तो सावकाश फिरवावा. मनगट वळवण्याची गरज नाही, कारण मनगट वळले की कोपर उचलला जातो आणि शेजाऱ्याला लागतो. पहिले दोन वेढे झाले की काटा दोन बोटे वर उचलून पुन्हा टेकवावा. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि खरी मेख तिच्यातच आहे, कारण एवढ्या उचलण्याने ढिगात अडकलेली टोके सुटतात आणि पुढच्या वेढ्यांत फक्त आपल्याच शेवया गुंडाळल्या जातात. तीन-चार शेवया म्हणजे फारच कमी, असे सुरुवातीला वाटेल, परंतु गुंडाळल्यावर त्यांचा बरोबर एक घास होतो.

घास उचलताना आपण ताटलीकडे थोडे झुकावे. काटा छातीपर्यंत आणून मग तोंडाकडे नेण्याचा लांबचा प्रवास टाळावा. एखादे टोक लोंबत राहिले तर ओठांनी हळूच आत घ्यावे, त्यात काही वावगे नाही. भुरका मात्र मारू नये, आणि याचे कारण केवळ आवाज हे नाही. शेवई वेगाने आत ओढली की बाहेर उरलेला भाग आखूड होत जातो, आणि जसजसा तो आखूड होतो तसतसे त्याचे हेलकावे जोराचे होत जातात. शेवटचे टोक ओठांत शिरता शिरता सर्वांत जोराने फटकारते आणि सॉसचे शिंतोडे नाकावर, चष्म्यावर आणि शर्टावर उडतात. जॉर्ज कॅरियर या अमेरिकी गणितज्ञाने १९४९ साली हाच प्रश्न गणिताने मांडला होता. हळू ओढले तर ते टोक फटकारत नाही.

आपापले अनुभव आणि युक्त्या जरूर लिहाव्यात.


माहीमची खाडी

फार उपयोगी धागा आहे. मला एक विचारायचे आहे. डाव्या हातात मोठा चमचा धरून त्याच्या खोलगट भागात काटा टेकवायचा आणि तिथे लडी करायची, असे मला एका ओळखीच्या वेटरने दाखवले होते, आणि ते सोपेही जाते. हे चुकीचे आहे का?


ट्यूरिनहून परत

नोकरीनिमित्त काही वर्षे मी इटलीत राहिले, त्यामुळे जे पाहिले ते सांगते. तिथे मोठी माणसे स्पॅगेटी नुसत्या काट्यानेच खातात. चमचा लहान मुलांना देतात, किंवा परदेशी पाहुण्याने मागितला तर कोणतीही कुरकुर न करता आणून देतात. त्यामुळे चमचा वापरणे हा अपमान वगैरे मुळीच नाही. फक्त तिथल्या मोठ्यांची ती सवय नाही. सुरीने स्पॅगेटीचे तुकडे करणे मात्र त्यांना खरोखरच खटकते, आणि शिजवण्याआधी मूठभर स्पॅगेटी कडकन मोडून पातेल्यात टाकणे त्याहूनही जास्त.

चमच्याची गरज तिथे का पडत नाही, याचे एक साधे कारण ताटलीत आहे. घरोघरी पास्त्यासाठी खोलगट ताटली असते. तिच्या कडेचा आतला उतार चमच्याचेच काम करतो. काटा त्या उताराला लावून फिरवला की लडी आपोआप घट्ट होते. आपल्याकडे अनेक ठिकाणी पास्ता सपाट, मोठ्या प्लेटमध्ये वाढतात, आणि सपाट प्लेटवर शेवया सटकत राहतात. म्हणून माझे मत असे आहे की ताटली खोलगट असेल तर चमच्याचा मोह सोडावा, सपाट असेल तर खुशाल मागून घ्यावा. फक्त तो आडवा धरावा आणि ताटलीपासून फार उंच नेऊ नये, नाहीतर लडी चमच्यातून घसरून थेट मांडीवर येते.


रांधप

सांजवेळ यांनी स्वयंपाकघराचा उल्लेख केला, पण तो विस्ताराने केला नाही, म्हणून मी लिहितो. केटरिंगच्या व्यवसायात माझा बराच काळ गेला आहे. पास्ता खाताना जो सांडतो त्याचे मूळ बहुतेक वेळा शिजवणाऱ्याच्या हातात असते, असे माझे ठाम मत आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि सुमारे दहा ग्रॅम मीठ, हे इटलीतले नेहमीचे प्रमाण आहे. आपल्याकडे पाणी कमी घेतात, पास्ता एकमेकांना चिकटतो, आणि चिकटू नये म्हणून मग पाण्यात तेल ओततात. पास्ता गाळला की ते तेल त्याच्यावर पसरते आणि सॉस त्याला धरत नाही. त्यात भर म्हणून पास्ता गार पाण्याखाली धुतात, म्हणजे त्याच्यावरची पिष्टाची पातळ साय निघून जाते. असा गुळगुळीत, धुतलेला पास्ता ताटलीत घालून वर सॉस ओतला की सॉस तळाशी साचतो, शेवया त्यात पोहतात आणि प्रत्येक घासाबरोबर थेंब गळतात. खाणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी अशा ताटलीपुढे त्याचा इलाज चालत नाही.

योग्य रीत अशी की पास्ता पाकिटावर दिलेल्या वेळेच्या एक-दोन मिनिटे आधी काढावा, शिजवण्याचे वाटीभर पाणी राखून ठेवावे आणि पास्ता सॉसच्या कढईत घालून शेवटची दोन मिनिटे मोठ्या आचेवर हलवावा, लागेल तसे ते पाणी घालावे. त्या पाण्यातल्या पिष्टामुळे तेल आणि पाणी एकजीव होतात आणि सॉस प्रत्येक शेवईवर लेपासारखा बसतो. ताटली तिरकी केली तरी सॉस वाहत नसेल तर पास्ता जमला असे समजावे. ‘सॉस जास्त घाला’ ही मुंबईतल्या गिऱ्हाइकांची नेहमीची मागणी असते; मी तेव्हा नम्रपणे सांगतो की वेगळ्या वाटीत देतो.

दुसरी गोष्ट गव्हाची. पाकिटावर ड्युरम या कठीण जातीच्या गव्हाचा रवा लिहिलेला पास्ता घ्यावा. इटलीत १९६७ च्या कायद्याने कोरड्या पास्त्यासाठी हाच रवा सक्तीचा केला. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा आहे, त्यामुळे हे धान्य आपल्याला परके नाही. मैद्याचा स्वस्त पास्ता जरा जास्त शिजला की मऊ पडतो, काट्यावर गुंडाळताना तुटतो आणि तुटलेले तुकडे ताटलीभर पसरतात.

तिसरी गोष्ट जोडीची. खिम्याचा जाड सॉस आणि बारीक गोल स्पॅगेटी ही जोडी खायला अवघड, कारण शेवया काट्यावर येतात आणि खिमा ताटलीत उरतो. इटलीतल्या ज्या बोलोन्या शहराच्या नावाने हा सॉस जगभर विकला जातो, तिथे तो ताल्यातेल्ले या रुंद, चपट्या पट्ट्यांबरोबर खातात. तिथल्या वाणिज्य मंडळाकडे १९७२ साली या पट्टीची रुंदीसुद्धा नोंदवून ठेवली गेली : शिजल्यावर ८ मिलिमीटर. रुंद पट्टीवर खिमा बसतो आणि तिच्याबरोबर गुंडाळला जातो. ज्यांना खिम्याचा सॉस आवडतो त्यांनी फेत्तुचिने (याही चपट्या पट्ट्याच) किंवा ताल्यातेल्ले मागवावे, निम्मा त्रास तिथेच संपतो.


सांजवेळ

रांधप, मनापासून आभार. ताटली तिरकी करून पाहण्याची खूण मी लक्षात ठेवीन.


दहिसर लोकल

लांब पास्त्याबद्दल पुष्कळ झाले, पण मुंबईत बहुतेक लोक प्रत्यक्षात खातात ती पेने, आणि तीही उभ्याने. लग्नाच्या हॉलमध्ये एका हातात प्लेट, खांद्याला पर्स, कडेवर मूल, आणि प्लेटमध्ये व्हाइट सॉसमधली पेने, मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरची. त्याबद्दल कोणी लिहील का?

शिवाय आता काटाही लाकडी असतो. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काट्या-चमच्यांवर बंदी आली, आणि ते योग्यच झाले. परंतु लाकडी काट्याचे दाते जाड आणि आखूड असतात, त्यामुळे पेने त्यात टोचली जाण्याऐवजी प्लेटभर पळते.


रांधप

पेनेचा प्रश्न रास्त आहे. पेनेची नळी आतून सॉसने भरलेली असते. तिच्या मधोमध वरून जोराने काटा रोवला की नळी दबते आणि आतला गरम सॉस दोन्ही तोंडांतून पिचकारीसारखा बाहेर येतो. शर्टावरचे बरेच डाग असे पडतात. काटा तिरपा धरावा, नळीच्या एका टोकाजवळची भिंत हळू टोचावी आणि नळीचे उघडे तोंड प्लेटकडे राहील अशी ती उचलावी. एका वेळी दोन नळ्या पुरेत. दाते पोकळीत सरळ सरकवून नळी उचलायला जाऊ नये, कारण ती अर्ध्या वाटेत घसरते.

लाकडी काटा असेल तर टोचण्याचा हट्टच सोडावा. पेने काट्यावर चमच्यासारखी घ्यावी आणि पावाचा तुकडा आडवा लावून ती वर ढकलावी. मक्याचे दाणे वेगळे पकडायला जाऊ नये. नळीवर सॉस असतो, त्याला दोन-चार दाणे आपोआप चिकटून येतात. उभ्याने खाताना प्लेट कमरेशी न धरता छातीच्या उंचीवर, अंगापासून वीतभर पुढे धरावी, म्हणजे जे पडेल ते प्लेटमध्येच पडेल. आणि काउंटरवर अर्धीच प्लेट घ्यावी. पुन्हा जाता येते.

केटरिंगवाल्यांनाही माझी एक विनंती आहे : उभ्याच्या जेवणात स्पॅगेटी ठेवू नये. फुसिली ठेवावी. तिच्या पिळांत सॉस धरून राहतो, ती पोकळ नसल्यामुळे पिचकारी उडत नाही, आणि लाकडी काट्यावरही ती टिकते.


चाफ्याचे झाड

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या सासऱ्यांच्या हाताला कंप आहे. नातवंडांबरोबर पास्ता खाण्याची त्यांना फार हौस आहे, पण सांडेल या संकोचाने ते ‘मला नको, पोट भरलेय’ असे सांगून उठतात. मला ते बघवत नाही. त्यांना भरवायला गेले तर त्यांना आणखी वाईट वाटते.


ट्यूरिनहून परत

चाफ्याचे झाड, तुमची तळमळ पोहोचली. त्यांच्यासाठी काट्याचा विचार सोडून द्या आणि चमच्याने खाता येईल असा पास्ता करा. शिंपल्यांच्या आकाराचा छोटा पास्ता, ओरेक्क्येत्ते म्हणजे अंगठ्याने दाबलेल्या वाटीसारखे तुकडे, किंवा दितालिनी ही आखूड नळी. हे आकार इटलीतही डाळी-कडधान्यांच्या दाट सुपात घालून सगळेच चमच्याने खातात, त्यामुळे आपल्याला काही वेगळे दिले जात आहे असे त्यांना वाटण्याचे कारण नाही. राजमा किंवा चवळी घालून दाटसर करा. खोल वाडगे द्या, ते जड बुडाचे असू द्या आणि अर्धेच भरा. वाडग्याखाली ओलसर कापड ठेवले की ते सरकत नाही. आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनाच तोच पास्ता, तसेच वाडगे आणि तसेच चमचे द्या.


चाफ्याचे झाड

शेवटचे वाक्य वाचून बरे वाटले. चवळी त्यांना आवडते, तीच घालेन.


माहीमची खाडी

घरी आपण हाताने खाल्ले तर? आमच्याकडे मालवणी पद्धतीचे शिरवाळे होतात. तांदळाच्या उकडीच्या त्या लांब शेवया नारळाच्या गोड रसात बुडवून आम्ही हातानेच खातो आणि काही सांडत नाही. मग पास्त्याला काट्याचीच सक्ती का असावी?


सांजवेळ

घरी कोणतीच सक्ती नाही, आणि इतिहासही तुमच्या बाजूने आहे. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या रस्त्यांवर कढयांतून गरम मॅकरोनी विकली जात असे आणि लोक ती उभ्याने, हात डोक्याच्या वर नेऊन, वरून तोंडात सोडत असत. त्या काळच्या चित्रांत आणि छायाचित्रांत हे दृश्य वारंवार दिसते. मात्र तेव्हा त्या मॅकरोनीवर बहुधा नुसते किसलेले चीज असे. टोमॅटोचा सॉस पास्त्यावर सर्रास आला तो पुढे, आणि पातळ, तेलकट, लाल सॉस आल्यावर हाताने खाणे अवघड होत गेले.

शिरवाळ्यांचे जमते याची कारणेही तशीच आहेत. ते मऊ असतात, बोटांनी सहज तुटतात आणि रसाचा डाग पडला तरी तो धुतला जातो. नीट शिजलेली स्पॅगेटी चिवट असते, ती बोटांनी तुटत नाही. तिचा घास हाताने करायचा तर काट्यासारखेच गुंडाळावे लागते, आणि त्यापेक्षा काटा बरा, असे माझे मत आहे.


दहिसर लोकल

रांधप यांचे आभार, पुढच्या लग्नात प्लेट छातीच्या उंचीवर धरून पाहतो. आता एवढे सगळे करूनही डाग पडलाच तर काय करावे, तेही कोणी सांगावे.


ओले दुपटे

याचे उत्तर मी देते, कारण घरात दोन लहान मुले आहेत. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन या द्रव्याचा असतो. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. डब्यात टोमॅटोची भाजी ठेवली की प्लास्टिक केशरी होते आणि नुसत्या पाण्याने साफ होत नाही, ते याचमुळे. म्हणून उपाहारगृहात ओला नॅपकिन घेऊन डाग खसाखसा चोळू नये. रंग जात नाही आणि तेल मात्र आणखी आत जाते. सुरीच्या बोथट बाजूने वरचा सॉस उचलून काढावा, कोरड्या कागदी नॅपकिनने फक्त टिपावे आणि तसेच राहू द्यावे.

घरी आल्यावर डागावर भांडी घासायचे लिक्विड दोन थेंब लावून बोटाने हलके पसरवावे, दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि कापड उलटे करून मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडावी, म्हणजे डाग ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो. डाग पूर्ण जाईपर्यंत गरम पाणी आणि इस्त्री दोन्ही टाळावे. सुती पांढरे कापड असेल तर ओलेच उन्हात टाकावे. लायकोपीनचा रंग उन्हात उडतो, आणि उरलेली फिकट केशरी छटा त्याने जाते. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा लिक्विडचाच प्रयोग पुन्हा करावा. रेशमी साडी असेल तर मात्र घरी काहीही न करता ड्रायक्लीनिंगला द्यावी.


माहीमची खाडी

शेवटचा प्रश्न. बाहेर जाऊन सराव करायचा, तर पहिल्यांदा काय मागवावे?


सांजवेळ

‘आल्यो ए ओल्यो’ मागवावे, म्हणजे लसूण, ऑलिव्ह तेल आणि सुक्या मिरचीतली स्पॅगेटी. त्यात पातळ सॉस नाही, लाल रंग नाही, शेवया तेलामुळे सुट्या असतात आणि लडी बांधताना प्रत्येक शेवई दिसते. त्या दिवशी शक्यतो बुकातिनी टाळावी. ती जाड आणि आतून पोकळ असते, गुंडाळताना ताठ राहते आणि सुटली की उसळते. कापेल्लिनीसारखी केसाएवढी बारीक शेवईही टाळावी, कारण ती एकमेकींत इतकी गुंतते की तीन-चार वेगळ्या काढता येत नाहीत. पहिले काही घास हळू घ्या, गप्पा थोड्या थांबवा, ताटलीत कडेला जागा करून घ्या आणि दोन वेढ्यांनंतर काटा उचलायला विसरू नका.